वेढलेल्या शहरातला स्वच्छता निरीक्षक सकाळी उठून पहिलं काय करेल?

शाईचा_डाग:

नमस्कार मंडळी. दोन अंकी नाटक लिहिते आहे आणि पहिल्याच प्रवेशात अडकले आहे, म्हणून हा धागा.

शहर काल्पनिक, देशही काल्पनिक. वेढ्याचा तिसरा महिना चालू आहे. नायक सैनिक नाही, डॉक्टर नाही, पुढारी तर नाहीच. नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक आहे. वय पंचावन्न, गुडघे कुरकुरतात, निवृत्तीला तीन वर्षं राहिलेली. पडदा उघडतो तेव्हा चौकात प्रेतं पडली आहेत, लांबून तोफा ऐकू येतायत आणि हा गृहस्थ नाकाला रुमाल बांधून, दोन कामगार सोबत घेऊन प्रेतांवर चुना टाकत फिरतोय. वाक्य असं: "आज ही उचलली नाहीत तर उद्या शहरात साथ येईल!"

मला प्रवेश झक्क जमलाय असं वाटत होतं. परवा घरी वाचन ठेवलं. एक मैत्रीण रुग्णालयात परिचारिका आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाली, "तुझा निरीक्षक बिनकामाचा आहे गं." का, ते सांगायला थांबली नाही. तिची रात्रपाळी होती.

तर प्रश्न. बाँब पडायला लागल्यावर पालिकेचा आरोग्य विभाग नेमकं करतो काय? तोफगोळा पडतो आणि दोन आठवड्यांनी पोरं जुलाबाने जातात, यांच्या मधली साखळी मला कळत नाही. गोळ्याने पाणी कसं नासतं? ढोबळ माहिती नको आहे. "जनजागृती करण्यात येते" छापाची वाक्यं पोत्याने मिळाली. मला हवंय ते असं: हा माणूस सकाळी उठून पहिलं काम कोणतं करेल? त्याच्या खिशात काय असेल? तो कोणावर ओरडेल? आणि रात्री कशाच्या भीतीने जागा राहील?

टाकाऊ_टिकाऊ:

यात विचारण्यासारखं काय आहे? प्रेतं कुजली की रोगराई पसरते, हे शाळेतलं पोरही सांगेल. तुमचा प्रवेश बरोबर आहे. मैत्रिणीकडे लक्ष देऊ नका.

जुना_निरीक्षक:

शाळेतलं पोर सांगेल, आणि चुकीचं सांगेल.

तेहतीस वर्षं या खात्यात काढली. युद्ध पाहिलं नाही, पूर पाहिले, फुटलेल्या वाहिन्या पाहिल्या. निवृत्त झाल्यावर मात्र आपल्या धंद्यातल्या माणसांनी युद्धात काय केलं हे वाचत बसायचं वेड लागलं. त्यामुळे ताई, तुमचा प्रश्न वाचून हात शिवशिवले. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी प्रेतांचं मिटवू. गोळी लागून मेलेल्या माणसाच्या पोटात कॉलरा नसतो. असलाच तर तो जिवंत असतानाही होता. देह थंड पडला की बहुतेक रोगजंतू फार काळ तग धरत नाहीत. कॉलराने, इबोलाने गेलेला माणूस असेल तर गोष्ट वेगळी, तिथे काळजी घ्यावीच लागते. बाकी प्रेतं उचलायची ती त्यांच्या माणसांसाठी. ओळख पटवून, नोंद करून, चिठ्ठी बांधून. घाईघाईने एका खड्ड्यात लोटली तर बायका पुढची वीस वर्षं नवऱ्याची वाट बघत बसतात. चुन्याने साथ टळत नाही. आणि तुमच्या निरीक्षकाने चुन्याच्या जागी टीसीएल पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर) प्रेतांवर उधळली तर मी पहिल्या रांगेतून उठून जाईन, कारण ती पाण्यासाठी लागते आणि वेढ्यात दुसरं पोतं येत नाही.

साथ येते ती जिवंत माणसाच्या पोटातून. आता तुमची साखळी.

जलवाहिनी आणि मलवाहिनी बहुतेक एकाच रस्त्याखालून जातात, काही ठिकाणी हातभर अंतराने. जमिनीखालचा पाईप थोडाफार गळतोच, शहर कुठलंही असो. वाहिनीत दाब असतो तोवर गळती आतून बाहेर. चांगलं पाणी मातीत जातं, नुकसान होतं, पण कोणी आजारी पडत नाही. वीज गेली की पंप थांबतो. उंचावरच्या वस्तीतलं पाणी उतारावरचे नळ ओढून घेतात आणि वाहिनीत पोकळी तयार होते. आता तीच भेग उलटी चालते, बाहेरचं आत ओढते. बाहेर काय असतं ते सांगायला नको. म्हणजे गोळा मलवाहिनीवर पडायची गरजच नाही. तो चार मैलांवरच्या वीज केंद्रावर पडला तरी काम होतं. तिथून पुढे दोन आठवडे मोजायचे.

हे मी शांततेच्या काळात डोळ्यांनी पाहिलंय. मुख्य वाहिनी फुटली, दुरुस्तीला चौदा तास लागले, पाणी पुन्हा सोडलं. लोक खूश, पाणी नितळ. मी टोकाच्या नळावर परीक्षानळी धरली, ओ.टी.चे (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकले आणि पिवळं व्हायची वाट बघत उभा राहिलो. काही नाही. पाणी पाण्यासारखंच. नळीमागे पांढरा कागद धरला, डोळे ताणले, तरी नाही. वाहिनीत टाकलेला सगळा क्लोरीन वाटेतल्या घाणीने खाऊन टाकला होता. शेजारी उभी बाई म्हणाली, "स्वच्छ आहे ना साहेब?" दिसायला होतंच. साहेबांना फोन केला तर म्हणाले, तक्रार आली आहे का? तक्रार महिन्याभराने आली, कावीळ घेऊन. (आता ओ.टी. मागे पडलं, डीपीडीच्या गोळ्या आल्या, रंग गुलाबी येतो. माझ्या डोक्यात अजून पिवळाच.)

तर तुमचा माणूस गोळा पडला त्या चौकात आधी जाणार नाही. तो वाहिनीच्या टोकाला जाईल. शेवटच्या नळावर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन उरलाय का, एवढंच त्याला बघायचं असतं. उरला असेल तर वाटेत काहीही शिरलं तरी त्याला पुरून उरलाय. नसेल तर व्हॉल्व्ह बंद, टँकर, आणि लोकांची बोलणी.

लंडनवर सप्टेंबर १९४० पासून बाँब पडायला लागले तेव्हा जलवाहिन्या आणि गटारं एकत्र फुटली होती, तरी टायफॉईडची मोठी साथ तिथे आली नाही. तीनच वर्षांपूर्वी शेजारच्या क्रॉयडनमध्ये विहिरीचं काम चालू असताना क्लोरीन बंद ठेवला आणि टायफॉईडने ४३ माणसं गेली होती. ती जखम ताजी होती. युद्धात डोस वाढवला गेला, पाण्याच्या चवीबद्दलची कुरकुर कोणी मनावर घेतली नाही.

ओरडायचं कोणावर? भांडारपालावर. टीसीएलचं पोतं उघडं ठेवलं म्हणून. ताज्या पावडरीत तेहतीस टक्के क्लोरीन असतो, उघडी राहिली की तो उडून जातो. पोत्याचं तोंड सोडलं की नाकात झणझणलं पाहिजे, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. वास येत नसेल तर ती नुसती पांढरी माती. हजार लिटरला ताजी सहा ग्रॅम पुरते तिथे शिळी पंधरा टक्क्यांची तेरा ग्रॅम लागते, आणि हे न मोजता जुन्याच मापाने टाकत राहिलात तर वहीत सगळं ठीक आणि पाण्यात काही नाही. दुसरी शिवी नळाला थेट मोटार लावून पाणी खेचणाऱ्याला. आधीच पोकळी, त्यात हा ओढतोय.

खिशाचं नंतर सांगतो, बोटं दुखायला लागली.

शाईचा_डाग:

काका, प्रवेश फाडून टाकला. खरंच फाडला, कागदावरच लिहिते मी.

भेग उलटी चालते हे डोक्यातून जात नाहीये. पण आता पुढचं. माझी माणसं तळघरात राहतात. एका इमारतीखाली दोनशे जण, महिनाभर. पाणी समजा तुमच्या निरीक्षकाने सांभाळलं. मग तळघरात काय होतं?

रातपाळी:

मीच ती मैत्रीण. आत्ता घरी आले. "बिनकामाचा" जरा जास्त झालं, माफ कर. पण चुना टाकणारा तो हिरो बघून मला हसू आवरेना.

तळघराचं विचारतेस तर उवा. कपड्यांतल्या उवा, डोक्यातल्या नव्हेत. त्या शिवणीत राहतात, अंगावर फक्त रक्त प्यायला येतात आणि टायफस नावाचा ताप पसरवतात. (टायफस वेगळा आणि टायफॉईड वेगळा, नाटकात घोळ घालू नकोस. टायफॉईड तोंडावाटे येतो, टायफस उवेवाटे.) माणूस तापाने फणफणला किंवा मेला की उवा ते अंग सोडतात आणि शेजारच्या उबदार अंगावर जातात. दोनशे माणसं एकाच पांघरुणात, कपडे महिनाभर तेच, धुवायला पाणी नाही, थंडी. अजून काय हवं?

सर्बियात १९१४-१५ च्या हिवाळ्यात हेच झालं. लाखाच्या वर माणसं गेली. देशात जेमतेम चारशे डॉक्टर, त्यातले शंभराहून अधिक त्याच तापाने गेले. मग तिथे आलेल्या ब्रिटिश वैद्यकीय पथकाने काय केलं माहितीये? औषध नव्हतंच. त्यांनी सैनिकांच्या रजा बंद करायला लावल्या, रेल्वेची प्रवासी वाहतूक काही दिवस थांबवली आणि एक पिंप घेतलं. लाकडी पिंप, बुडाला भोकं पाडलेली, खाली उकळत्या पाण्याची कढई. पिंपात कपडे कोंबायचे, वर झाकण, तासभर वाफ. उवाही मरतात आणि शिवणीतली लिखंही. सर्बियन बॅरल म्हणूनच ते ओळखलं जातं. तुझ्या रंगमंचावर हे पिंप ठेव. वाफ निघते, दिसायला छान, आणि कपडे उकडताहेत तोवर ते अंगावरचे कपडे काढून दिलेली माणसं काय करतात, हा तर आख्खा प्रवेश आहे.

इटलीतल्या नेपल्समध्ये १९४३ च्या अखेरीस लोक बाँबच्या भीतीने डोंगरातल्या गुहांमध्ये आणि बोगद्यांमध्ये राहत होते, तिथे पुन्हा टायफस. या वेळी हातात भुकटी होती. रांगेत उभं करायचं, कॉलरमधून, बाहीतून, कमरेतून पिचकारीने भुकटी मारायची, कपडे काढायचे नाहीत, पुढचा. एकट्या जानेवारी १९४४ मध्ये दहा लाखांहून जास्त माणसांवर मारली. भर हिवाळ्यात साथ आटोक्यात आली. त्यातली मुख्य भुकटी डीडीटीची होती. तिचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सात वर्षांत कोरियाच्या युद्धात उवांना तिचं काही वाटेनासं झालं.

आता तुझ्या नायकाला खरा पेच देते. पोलंडमधल्या वॉर्सात नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं त्या वस्तीत, साडेतीन चौरस किलोमीटरहूनही कमी जागेत चार लाखांवर माणसं. टायफस झाला की कायदा असा की घर कळवायचं. कळवलं की आख्खी इमारत सील, सगळ्यांना अंघोळीच्या नावाखाली थंडीत तासन्‌तास उभं करायचं, सामान वाफेत घालून नासायचं, वर लूट. मग लोकांनी काय केलं असेल? आजारी माणसं लपवली. डॉक्टरांनीही लपवायला मदत केली. कागदावर रुग्ण कमी आणि खोल्यांत जास्त. त्याच वेळी आतल्या डॉक्टरांनी स्वच्छतेची व्याख्यानं घेतली, चोरून वैद्यकीय वर्ग चालवले, घरोघर समित्या केल्या. लुडविक हिर्शफेल्ड, रक्तगटांवर काम केलेला नावाजलेला शास्त्रज्ञ, तोही तिथेच कोंडलेला, शिकवत होता. आणि १९४१ च्या हिवाळ्यात, साथ भडकायला हवी तेव्हा ती उतरायला लागली. त्यातली माणसं पुढच्या वर्षी ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेऊन मारली, ती गोष्ट वेगळी. का वेगळी म्हणू? वेगळी नाहीच.

तर तुझ्या निरीक्षकाला तळघरात तापाचा माणूस सापडला. वहीत लिहिलं तर इमारत सील होणार. नाही लिहिलं तर पुढच्या आठवड्यात चाळीस. लिहितो की नाही?

आणि तो रात्री जागा कशाने राहील, त्याचं उत्तर: लहान मुलांना जुलाब रोजच असतात, त्याने तो झोपतो. एखादा धडधाकट मोठा माणूस एका दिवसात पाण्यासारख्या जुलाबाने गेला हे कानावर आलं की झोप उडते. तो कॉलरा. वेळेवर क्षारपाणी पाजलं, गरज पडली तर सलाइन लावलं, तर शंभरातला एखादाही जात नाही. काहीच केलं नाही तर निरोगी माणूस काही तासांत संपतो.

पानोपानी:

सगळी उत्तरं वाचली. पण एक गोष्ट खटकते. तुम्ही सगळे निरीक्षक, डॉक्टर, पथक यांच्याबद्दल बोलताय. जर्मनांनी वेढलेलं लेनिनग्राड कोणी झाडलं? १९४१-४२ च्या हिवाळ्यात तिथे नळ गोठले, गटारं गोठली, लोक बादल्या अंगणात आणि जिन्यात ओतत होते. सगळं बर्फात गोठून राहिलं. मार्चमध्ये ऊन यायला लागलं तसं हे सगळं वितळणार हे दिसत होतं. २७ मार्च ते १५ एप्रिल १९४२ या काळात सुमारे तीन लाख लोक रस्त्यावर उतरले, त्यात बायका जास्त, सगळे उपासमारीने अर्धमेले. पहारी, फावडी, लहान मुलांच्या घसरगाड्या, पत्र्यांवर ओढत. दहा लाख टनांच्या आसपास घाण आणि बर्फ नदी-कालव्यांवर नेऊन टाकला. १५ एप्रिलला ट्राम पुन्हा धावली. मोठी साथ आली नाही. तेव्हा नायक निरीक्षक नको, आख्खं शहर नायक करा.

टाकाऊ_टिकाऊ:

प्रेतांबद्दल मी चुकलो, मान्य. पण हे सगळं जुनं झालं. उवा, पिंपं. आजच्या युद्धात यातलं काय उरलंय? आता सगळं संयुक्त राष्ट्रांचे ट्रकच करतात ना?

जुना_निरीक्षक:

आधी पानोपानी यांना. लेनिनग्राडचं सगळं खरं आहे, पण तीन लाख माणसं रस्त्यावर आली म्हणजे पुढे काय हे मला विचारा. कुठला चौक कोणाकडे, फावडी किती, उचललेलं कुठे टाकायचं, पिण्याचं पाणी घेतो त्या टोकाच्या वर की खाली, हे कोणीतरी आदल्या रात्री कागदावर मांडलेलं असतं. तो कागद मांडणाऱ्याचं नाव कुठे येत नाही, एवढंच. आणि थंडीने उपकार केले हेही लक्षात ठेवा. ती धाव उन्हाशी होती.

युद्धात लष्करालासुद्धा शेवटी पालिकेची माणसं लागली. क्रिमियाच्या युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी इस्पितळात फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचं प्रमाण शेकडा ४२ च्या वर गेलं होतं. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्यांनी इस्पितळाखालची तुंबलेली गटारं धुतली, पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा पडला होता तो काढला, गाड्याच्या गाड्या कचरा वाहून नेला. जूनमध्ये प्रमाण शेकडा २ च्या आसपास. परिचारिकांचं नाव झालं, व्हायलाच हवं. पण त्या मोहिमेवर लिव्हरपूल पालिकेचा अभियंता जेम्स न्यूलँड्स आणि तिथले निरीक्षक गेले होते, हे वाचलं तेव्हा मी घरात एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता टाकाऊ_टिकाऊ. आजच्या युद्धात काय उरलंय म्हणता. येमेन घ्या. २०१६ च्या ऑक्टोबरात कॉलरा सुरू झाला, पुढच्या एप्रिलपासून भडकला, २०१७ संपता संपता संशयित रुग्ण दहा लाखांवर. बाँबहल्ले होतेच, वीज नव्हती, मैलापाण्याच्या पंपांना डिझेल नव्हतं. पण मला त्यातलं एकच रुतलं. सरकारी नोकरांचे पगार कित्येक महिने झाले नव्हते. सफाई कामगारांचेही. राजधानी सनामध्ये त्यांनी काम थांबवलं, कचरा रस्त्यात साचला, त्यावर पाऊस आला. ट्रक कितीही येऊ द्या. झाडू मारणाऱ्याच्या घरात पैसा गेला नाही तर ट्रकमधलं औषध कुठल्या गल्लीत न्यायचं हे सांगायलाही कोणी राहत नाही.

गाझा घ्या. जून २०२४ मध्ये सांडपाण्याचे नमुने घेतले, त्यांत पोलिओचा विषाणू सापडला. आजारी मूल सापडायच्या आधी. विचार करा, चहूकडे पडझड चाललेली आणि कोणीतरी बाटली घेऊन वाहत्या मैल्याशी वाकलाय, थंड ठेवून ती प्रयोगशाळेत पोचवतोय. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या बाळाचा पाय लुळा पडल्याचं नक्की झालं, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. १ सप्टेंबरपासून भागाभागाने लढाई थांबवून लस पाजली, पहिल्या फेरीत साडेपाच लाखांवर मुलं. हे गटाराने सांगितलं. आमच्या खात्यात म्हणतात, गटार खोटं बोलत नाही.

बोस्नियातल्या वेढलेल्या साराजेव्होत १९९३ मध्ये फ्रेड क्यूनी नावाच्या अमेरिकन अभियंत्याने पाणी शुद्ध करायची यंत्रं विमानाने आणून रस्त्याच्या बोगद्यात बसवली. बोगद्यात का, तर वरून तोफा. त्याच वर्षी १२ जुलैला शहराच्या डोब्रिन्या भागात पाण्याच्या रांगेवर गोळा पडून डझनभर माणसं गेली होती. आपली पुस्तकं सांगतात अडीचशे माणसांमागे एक नळ, घरापासून पाचशे मीटरच्या आत, माणशी दिवसाला पंधरा लिटर, वीस माणसांमागे एक संडास, तो विहिरीपासून तीस मीटर लांब. सगळं बरोबर. पण तोफा चालू असताना दहा नळ एका जागी लावले तर ती रांग होत नाही, निशाणा होतो. तुमच्या निरीक्षकाला हे पहिल्या महिन्यात कळलेलं नसेल. तिसऱ्यात कळलेलं असेल, आणि कसं कळलं हे तो कोणाला सांगत नसेल.

आता खिसा. पहिल्यांदा मनात आलं हॉरॉक्सची पेटी लिहावी. ब्रिटिश लष्करातल्या हॉरॉक्स नावाच्या डॉक्टरने सैन्याच्या पाण्यासाठी ती केली आणि आम्हा सगळ्यांना प्रशिक्षणात तीच हाताळायला लावली. सहा पांढरे पेले, एक काळा. काळ्यात दोन ग्रॅमचा सपाट चमचा टीसीएल कालवायचं, खुणेपर्यंत पाणी, ढवळून निवळू द्यायचं. पांढऱ्या पेल्यांत तपासायचं पाणी. पहिल्यात निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत. अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात स्टार्च आयोडाइडचे तीन थेंब. ज्या पेल्यात पहिल्यांदा निळं दिसेल तो मोजायचा. तिसरा असेल तर ४५५ लिटरला तीन चमचे. ना वीज लागते ना प्रयोगशाळा. रंगमंचावर सुरेख दिसेल. पण खिशात मावत नाही, आणि अर्धा तास प्रेक्षक बसणार नाहीत.

खिशात पेन्सिल. पेन नको, ओल्या कागदावर शाई फुटते (तुमच्या नावाने राग मानू नका). आणि हातावर पट्टा द्या: केशरी चौकोन, त्यात निळा त्रिकोण. नागरी संरक्षणाचं आंतरराष्ट्रीय चिन्ह आहे, १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलमधलं. पाणी-वीज तातडीने दुरुस्त करणं, प्रेतांची व्यवस्था लावणं, ही कामं त्याच्या ६१ व्या कलमात आहेत. ५४ वं कलम म्हणतं की पिण्याच्या पाण्याच्या योजनांवर हल्ला करू नये. म्हणतं. पट्टा मळलेला द्या.

राहिलं पहिलं काम. तुम्ही विचारलंत तेव्हाच उत्तर माहीत होतं, पण आधी सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता. तो हजेरी घेईल.

सकाळी सहा, हजेरी शेड, मुकादम शेजारी. एकेक नाव वाचायचं. कोण आलाय, कोण नाही. कोणाच्या घरावर रात्री गोळा पडला. कोणाच्या पायात बूट नाहीत. व्हॉल्व्हवाला आला नाही तर अख्ख्या शहरातले व्हॉल्व्ह कुठे पुरलेत हे सांगणारा गेला, कारण नकाशा कार्यालयात होता आणि कार्यालय जळलं. पुराच्या वेळी माझं तसंच झालं होतं. नकाशा भिजून लगदा झाला. सात व्हॉल्व्ह सापडले ते एका निवृत्त चावीवाल्यामुळे. तो काठी टेकत आला, एका दुकानाच्या पायरीपासून अकरा पावलं मोजली आणि म्हणाला, इथे खणा. दोन फुटांवर झाकण लागलं.

हजेरीशिवाय पाणी नाही, पिंप नाही, काही नाही. आणि वेढ्यात हजेरीपत्रकावर लाल शेरा मारायचा नसतो. जो आला नाही त्याची चौकट कोरी ठेवायची. दुपारी कळतं, गैरहजर होता की दुसरं काही.

शाईचा_डाग:

काका, पडदा हजेरी शेडवर उघडतोय. रातपाळी, तुझा तापाचा माणूस पहिल्या अंकाच्या शेवटी. लिहितो की नाही, ते अजून ठरलं नाही, मला विचारू नकोस.

चावीवाला मी घेतलाच आहे. व्हॉल्व्हची चावी म्हणजे नेमकी कशी? लाकडाची रंगवून चालेल का?

जुना_निरीक्षक:

लाकडाची नको. लोखंडी सळई, टी आकाराची, छातीपर्यंत उंच, खालच्या टोकाला चौकोनी खोबण. फरशीवर टेकवली की ठण्ण आवाज येतो, तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. जुन्या पाणीपुरवठा कार्यालयात मागा, गंजलेली एखादी कोपऱ्यात पडलेली असते, हसून देतील.

शाईचा_डाग:

आणि हजेरीत नावं किती ठेवू? तीन-चार पुरतील ना? प्रवेश लांबतो.

जुना_निरीक्षक:

सतरा ठेवा. आणि सगळी वाचा.